चौथा डबा

आमच्या ह्यांना काहीही विचारा, उत्तर 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. उत्तर असतं, 'बघू.' चव्वेचाळीस वर्षं मी ह्या 'बघू'शी संसार केला. फ्रिज घ्यायचा का, बघू. शिशिरची मुंज कुठे करायची, बघू. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, तेही बघू. आणि आता पुणं बघू! अहो, बहात्तराव्या वर्षी माणूस बघू म्हणतो तेव्हा तो नक्की कशाची वाट बघतो, मला कुणीतरी सांगा.

शिशिर म्हणजे आमचा मुलगा. पुण्यात बाणेरला असतो. दोन वर्षं तो फोनवर एकच पाढा म्हणतोय, "बाबा, आई, तुमची खोली तयार आहे, या." माझी बॅग तर मनातल्या मनात केव्हाच भरलेली. पण हे हलतील तर शपथ. शेवटी सप्टेंबरात माझं डोकं फिरलं. मी शिशिरला म्हटलं, "माझं विमानाचं तिकीट काढ. सोळा नोव्हेंबर. मी पुढे होते, त्यांना यायचं तेव्हा येतील, नाही तर बसतील चंडीगढात दुधाची पिशवी छातीशी धरून." शिशिर घाबरला. "आई, पक्का ना?" म्हणाला. पोरगा इथे वाढला, त्याचं मराठी असंच. मी म्हटलं, पक्का. तिकीट आलं. एकच. ह्यांना दाखवलं, तर नाकापर्यंत नेऊन, मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाले, "बरं. माझं बघू."

मान वाकडी करावी लागते, कारण ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलं तर माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तोंड ऐकू मात्र येतं, हे त्यांचं दुर्दैव. आणि गंमत बघा, ह्या माणसाने तीस सेक्टरच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं भिंगं घासली. दुर्बिणींची भिंगं, मायक्रोस्कोपांची भिंगं. साऱ्या जगाला नीट दिसावं म्हणून जन्म घातला आणि स्वतःची ही गत. ह्याबद्दल त्यांनी एकदाही देवाला नाव ठेवलं नाही. मी ठेवलं. त्यांच्या वाट्याचंही मीच ठेवते.

मोजायची सवय त्या लॅबमधली. आमच्या फाटकापासून दुधाच्या बूथपर्यंत दोनशे चौदा पावलं, तिथून बाकापर्यंत एकोणनव्वद, पलंगापासून न्हाणीपर्यंत अकरा. पोह्यांत मीठ अर्धा चमचा, सपाट. चमचा सपाट करायला सुरीची पाठ फिरवायची. माझ्या सांगलीच्या माहेरी मीठ हाताने घालतात आणि देव देतो ती चव खातात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, मी माणसाच्या घरात आले की तराजूच्या?

आता ते लग्नानंतरचं वर्ष सांगायलाच हवं, कारण सगळी भानगड तिथली आहे.

एक्क्याऐंशी साल. मी बावीस वर्षांची. हे धुळ्याचे, नोकरी इथे, म्हणून मी इथे. चंडीगढ सुंदर म्हणतात. असेल! मला तर सगळी घरं एका साच्यातली दिसायची. डिसेंबरच्या धुक्यात एकदा कोथिंबीर घेऊन परतले ती शेजारच्या गल्लीतल्या घरात शिरले. तसंच दार, तशीच जाळी, तशीच कडी. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिखटाचा डबा शोधायला लागले. मागे एक सरदारीणबाई उभी, हसून हसून बेजार. तिने मला पेलाभर दूध पाजलं आणि हाताला धरून घरी सोडलं. दार लावून मी जी रडायला बसले ती हे लॅबमधून येईपर्यंत. एकदा सतरा सेक्टरमध्ये पाठीमागे दोन बायका मराठी बोलताना ऐकू आल्या. ओळख ना पाळख, मी त्यांच्या मागे मागे बसस्टँडपर्यंत गेले. बोलले नाही. नुसतं ऐकत गेले. त्या बसमध्ये चढल्या आणि मी उभीच.

मग मी ठरवलं. ह्यांना सांगितलं, "श्रीपाददादा सोमवारी येतोय, मी त्याच्याबरोबर सांगलीला जाते." "परत कधी?" हे म्हणाले. मी म्हटलं, "परतबिरत काही नाही. तुम्हाला यायचं तर तिकडे या." ह्यावर हे काय म्हणाले असतील? बरोबर. बघू.

तो गुरुवार होता. रविवारी लॅबच्या हॉलमध्ये फ्रेंच पिक्चर होता. लॅबचा फिल्म क्लब होता आणि प्रोजेक्टर चालवायचे आमचे हे. दिल्लीहून फ्रेंच वकिलातीचे पत्र्याचे डबे बसने यायचे, एकेका डब्यात फिल्मचं एकेक रीळ. पिक्चर फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नाही. सोबत एक टाईप केलेला कागद यायचा, त्यात गोष्ट. तो कागद हातात धरून, एका बाजूला प्रोजेक्टर सांभाळत, हे माईकवर हिंदीतून सांगायचे. आणि हिंदी कसली? धुळ्याची! "वो उसको बोलती है के मेरेको इधर करमता नहीं." पंजाबी लोकांना ते 'करमता' काय कळलं असेल ते त्यांच्या वाहेगुरूला ठाऊक. पण तीनशे माणसं चूप बसून ऐकायची. घरी ज्याच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते तो माणूस अंधारात माईक हातात आला की बोलायचा. मला त्याचाही राग यायचा.

पिक्चर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, जुना, व्हिएतनामातल्या सायगॉन शहरातला, तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य. नाव फ्रेंच, माझ्या जिभेला वळत नाही, आम्ही आपला 'सायगॉनचा पिक्चर' म्हणतो. शहर सगळं खोटं. माझं आजोळ कोकणात, मला माड कळतात, ते माड पुठ्ठ्याचे होते. तिथली माणसं म्हणून गोरेच डोळ्यांच्या कडा रंगवून उभे केले होते. हॉलभर लोक हसले. पण त्यातली बाई खरी होती. मादलेन तिचं नाव. नवरा नदीचं पाणी मोजायला सायगॉनला आलेला. सकाळ-संध्याकाळ काठी बुडवतो, वहीत आकडा लिहितो, घरी येऊन जेवतो, झोपतो. आणि ही जाळीच्या दारामागे. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला वाटलं, ह्या बाईला माझ्याविषयी कुणी सांगितलं?

एकच प्रोजेक्टर, त्यामुळे एक डबा संपला की दिवे लागायचे, हे दुसरा डबा लावायचे. तिसऱ्या डब्याच्या शेवटी मादलेन ट्रंक घेऊन बंदरावर येते. फ्रान्सला, मार्सेयला परत जाणारी बोट भोंगा वाजवते. ती पाऊल उचलते, थांबते, ट्रंक खाली ठेवते आणि ट्रंकेवर बसते. दिवे लागले. ह्यांनी माईकवर सांगितलं, चौथा डबा प्रवासात भिजला, फिल्म चिकटली, चालणार नाही. पण काळजी नको, कागदावर गोष्ट आहे. "बोट चली जाती है. मादलेन वहीं बैठी रहती है. फिर वो घर वापस आती है. खतम." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सामोसे खायला गेले.

मी बसूनच राहिले. हसाल तर हसा. मला वाटलं, ती एवढ्या लांब, सायगॉनात राहिली, आणि मी सांगलीची लेक आपल्याच देशात चार महिन्यांत पळते? सोमवारी दादा आला. त्याला जेवू घातलं, लाडवांचा डबा दिला आणि एकट्याला परत पाठवलं.

ही गोष्ट मी इथे कुणाकुणाला सांगितली नसेल! महाराष्ट्र मंडळात नवी मुलगी आली, बदलीवर आलेल्या कुणाची बायको, रडवेली, की मी तिला बसवायची आणि सायगॉनचा पिक्चर सांगायची. ट्रंकेवर बसलेली मादलेन. कितीतरी जणींची रडणी मी तिच्यावर थांबवली. हे कोपऱ्यात पेपर धरून बसलेले असायचे. कधी एक शब्द नाही.

तर आता ह्या ऑक्टोबरात नीलिमाचा फोन आला. नीलिमा आमच्या मंडळाची चिटणीस, नवरा लष्करात कर्नल, चंडीमंदिरला क्वार्टर. मोठी हौशी मुलगी. "काकू, तुमचा पिक्चर सापडला!" फ्रान्समध्ये कुणीतरी तो धुऊनपुसून इंटरनेटवर ठेवलाय म्हणे, खाली इंग्रजी अक्षरांसकट. "तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात लावूया. नऊ नोव्हेंबर, रविवार, मंडळाचा हॉल. सरप्राईज ठेवणार होते, पण राहवलं नाही."

मला काय आनंद झाला! आणि ह्यांना सांगितलं तर चेहरा असा, जणू घराला आग लागल्याची बातमी दिली.

"कशाला जुनंपुराणं," म्हणाले. मी म्हटलं, आपणही जुनेपुराणेच. मग म्हणाले, प्रत खराब असेल. मग म्हणाले, लोक कंटाळतील. मग मंडळाच्या प्रोजेक्टरचा दिवा अंधुक आहे. मग स्वतःच नीलिमाला फोन करून म्हणाले की सुनंदाला एवढा वेळ बसवत नाही, गुडघा दुखतो. माझा गुडघा! ज्याच्या ऑपरेशनला सहा वर्षं बघू केलं, तो गुडघा आता ह्यांना आठवला. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "नीलिमा, गुडघा कापून ठेवीन पण पिक्चर बघेन."

मला वाटलं, मी चाललेय म्हणून ह्यांचं हे सगळं चाललंय. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

आठ तारखेला, शनिवारी दुपारी, मी ह्यांना ह्यांच्याच नियमात पकडलं. लॅबमधली ह्यांची शिस्त होती, पिक्चर लोकांना दाखवण्याआधी स्वतः पूर्ण चालवून बघायचा. मी म्हटलं, "उद्या साठ माणसं येणार. चला, चालवून बघू." नीलिमाने पाठवलेलं मी टीव्हीवर लावलं. तेवढं माझं मी शिकलेय. हे खुर्चीत बसले, मान वाकडी करून.

तोच पिक्चर. तेच पुठ्ठ्याचे माड, आता जास्तच पुठ्ठ्याचे दिसले. मादलेन मात्र तशीच. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून ह्यांना मराठीत सांगत होते. हे म्हणाले, "सांगू नकोस, मला पाठ आहे." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी सांगतेय." बंदर आलं. भोंगा झाला. मादलेनने ट्रंक खाली ठेवली, बसली. मला इतकं भरून आलं म्हणता!

"संपला," हे म्हणाले. "बंद कर. चहा टाक."

मी रिमोट उचलला. बटण दाबलं तर टीव्हीवर खाली रेघ आली. किती झालं आणि किती उरलं ते दाखवणारी. रेघ संपली नव्हती. एकवीस मिनिटं उरली होती.

"अहो, अजून आहे," मी म्हटलं. "तुमचा भिजलेला डबा! मिळाला की ह्या लोकांना!" आणि मी वेडी खूश होऊन परत बसले.

"सुनंदा, बंद कर."

मी केला नाही.

बोटीचा दुसरा भोंगा झाला. मादलेन उठली. ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली आणि चढली बोटीवर. चढली! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे जमिनीकडे बघत होते. मी वाचत राहिले, आता मोठ्याने. तो मोजणीवाला घरी येतो. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट आहे. तो बसतो आणि जेवतो. बायको गेली आणि हा जेवतो! मग नदीवर जातो, काठी बुडवतो, वहीत आकडा लिहितो. त्या आकड्याकडे बघत राहतो. आणि वही पाण्यात टाकून देतो. मग धावाधाव, होडी, वल्हवणारा माणूस, नदीच्या मुखाशी बोट गाठतो आणि दोराच्या शिडीने वर चढतो. एका पायात बूट नाही. मादलेन त्याला बघते. तो धापा टाकत म्हणतो, "मार्सेयमध्ये मला करण्यासारखं काहीच नाही." आणि ती म्हणते, "मग बसून राहा. मी इथे चार वर्षं तेच केलं."

हे वाक्य मला पुरतं वाचता आलं नाही.

मग मी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "डबा भिजला होता?"

"नाही."

"चिकटला होता?"

"नाही. शुक्रवारी पूर्ण चालवून बघितला होता."

"मग कागदावर काय होतं?"

"तू आत्ता वाचलंस तेच."

मी हातातला रिमोट पलंगावर फेकला. त्यांच्या अंगावर फेकायचा होता, पण दिसत नाही माणसाला, चुकवणार कसा? काय काय बोलले मी! म्हटलं, माझी आई गेली तेव्हा मी दोन दिवसांनी पोचले, नुसती राख बघितली, ते ह्या डब्यापायी. चव्वेचाळीस वर्षं मी बायकांना खोटी गोष्ट सांगितली आणि तुम्ही पेपराआड बसून ऐकलीत. "ती गेली म्हणून लपवलंत ना? मी जाऊ नये म्हणून?"

"ती गेली म्हणून नाही," हे म्हणाले. "तो गेला म्हणून."

मला आधी कळेना.

"माईकवर मला सांगावं लागलं असतं, वो भी जहाज पे चढ गया. माझ्या तोंडाने. तू पहिल्या रांगेत. रात्री तू विचारलं असतंस, तो चढला, तुम्ही? आणि मी चढलो नसतो, सुनंदा. भिंगं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. सांगलीत काय करणार होतो मी?"

चव्वेचाळीस वर्षांत हा माणूस एका दमात एवढं माईकशिवाय कधी बोलला नव्हता. मला राग आला होता आणि तो जायलाही तयार नव्हता. मी म्हटलं, "आणि आता? आता तर भिंगंही नाहीत. आता काय नडतंय?"

"इथे दोनशे चौदा पावलं आहेत," हे म्हणाले. "इथे मी आंधळा नाही. तिथे न्हाणीत जायला हात मागावा लागेल."

"मग मागा ना हात! मी काय पूजेला ठेवलेत माझे हात?"

त्यावर काय म्हणाले सांगू? "बघू."

संध्याकाळी मी खिचडी टाकली आणि त्यात मीठ घातलं नाही. मुद्दाम. सपाट अर्धा चमचा मीठ खाणारा माणूस, अळणी खिचडी गुपचूप संपवून ताट उचलून गेला. त्याने तर मला आणखीच चीड आली.

आणि मग मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. नीलिमाला फोन केला. म्हटलं, "बाई, एक तास सात मिनिटांवर पिक्चर बंद कर. बाई ट्रंकेवर बसली की लगेच. शेवट खराब आहे, रसभंग होतो." त्या मंडळात मी ती गोष्ट किती जणींना सांगितली होती! त्यांच्यासमोर मादलेन बोटीवर चढली असती तर मी तोंड कुठे लपवायचं? म्हणजे जो डबा ह्यांनी लपवला तोच मीही लपवला. फोन करताना हे शेजारच्या खोलीत होते. डोळे गेलेत, कान नाही.

रविवारी हॉल भरला. माझा सत्कार झाला, शाल, नारळ, फुलकारीची ओढणी. मी चार वाक्यं बोलले. पिक्चर सुरू झाला, पण इंग्रजी अक्षरं झरझर जायची आणि पुढे सगळे चष्मेवाले म्हातारे. कुणीतरी ओरडलं, "काका, माईक घ्या!" मला वाटलं, हे बघू म्हणतील. हे उठले. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड करून उभे राहिले, आणि आवाजावरून, एकेका वाक्याला, सांगायला लागले. ह्या वेळी मराठीत. कुठे अडखळले नाहीत. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी हे जपून ठेवलं होतं आणि मला पत्ता नाही.

मादलेनने ट्रंक खाली ठेवली. नीलिमाने पडदा बंद केला, दिवे लावले. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात हे म्हणाले, "नीलिमा, चालू कर. अजून एकवीस मिनिटं आहेत."

नीलिमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"त्या वेळी चौथा डबा भिजला नव्हता," हे माईकवर म्हणाले. "मी चालवला नाही. सुनंदाने तुम्हाला जी गोष्ट सांगितली ती तिची चूक नाही, माझी आहे. चालू कर."

हे सांगत गेले. ती उठली. ती चढली. तो जेवला. वही पाण्यात गेली. शिडी, धापा, एका पायात बूट नाही. मार्सेयमध्ये मला करण्यासारखं काहीच नाही, म्हणाला. मग बसून राहा, ती म्हणाली. पडद्यावर बोट लांब गेली, संगीत संपलं. ह्यांनी माईक खाली ठेवला नाही.

"तो चढला," हे म्हणाले. मग खाकरले. "मीपण चढतोय. सोळा तारखेला. शिशिरला सकाळी फोन केला, दुसरं तिकीट झालंय."

बायकांनी डोळ्याला पदर लावले. नीलिमा तर हमसून हमसून रडली. आणि मी? माझा तिथल्या तिथे भडका उडाला. साठ माणसांना आधी सांगितलं, माईकवरून, आणि बायकोला? सकाळी फोन केला तेव्हा मी ह्यांच्यापासून अकरा पावलांवर पोळ्या लाटत होते! बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्यावर मी कानात म्हटलं, "घरी सांगायला जीभ झडली होती?"

"घरी जमत नाही," हे म्हणाले.

ह्यांनी कडेच्या नजरेने माझा हात शोधला, पहिल्यांदा चुकला, खुर्चीच्या दांड्यावर पडला. मग सापडला.

"खिडकी तू घे," हे म्हणाले. "मला काय दिसणार आहे. पण खाली काय काय दिसतं ते सगळं सांगायचं. मधलं काही गाळायचं नाही."